पडलेलं मॅगझीन

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय, राग कमी करा. मी म्हटलं, राग कमी करायचा तर माझ्या ऑफिसातली माणसं कमी करावी लागतील. ते हसले नाहीत. म्हणाले, मग निदान लिहून काढत जा, माणसांवर ओरडण्यापेक्षा कागदावर ओरडलेलं बरं. म्हणून हे सुरू केलंय. किती दिवस टिकतं बघू, माझा आणि धीराचा छत्तीसचा आकडा.

तर आजचा राग. सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन मॅगझिनं ठेवलेली. एक आपलं नेहमीचं, हलक्या धातूच्या पत्र्याचं. दुसरं प्लॅस्टिकचं, काळं कुळकुळीत, नवं कोरं. मॅगझीन म्हणजे तरी काय, रायफलला खालून लावायचा गोळ्यांचा डबा. पण हा डबा चालला नाही तर रायफल म्हणजे नुसती काठी, हे मी इतकी वर्षं नव्या लोकांना सांगत आलेय.

साहेब म्हणाले, "यापुढे सगळ्यांना प्लॅस्टिकचं द्यायचं की धातूचंच ठेवायचं, ते ठरवायचंय. चाचणी तुमची, सही तुमची."

"माझं मत आत्ताच सांगू का?"

"मत नको. मतं सगळ्यांकडे आहेत. मला चाचणी हवी."

माझं मत साहेबांनाही माहीत आहे. गब्बू तिकडे सीमेवरच्या चौकीवर आहे. माझा धाकटा भाऊ. लहानपणी गोल गरगरीत होता म्हणून गब्बू; सैन्यात जाऊन पार वाळला तरी नाव तेच राहिलं. मी जे पास करीन ते त्याच्या रायफलला लागणार. मी त्याला पाण्याची बाटलीसुद्धा प्लॅस्टिकची देत नाही, चिरते म्हणून. आणि हे देऊ?

५ नोव्हेंबर, बुधवार

प्लॅस्टिकवाल्यांचा माणूस आला. आम्ही त्याचं नाव लगेच मोल्डिंगवाला ठेवलं. तिशीचा असेल, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. गोड बोलणाऱ्यांचा मला आधीपासूनच संशय येतो. आल्या आल्या त्याने कोपऱ्यात तिकाटणं लावून कॅमेरा उभा केला. म्हणे कंपनीच्या नोंदीसाठी. मी म्हटलं, लावा, लग्न लागल्यासारखं शूटिंग करा.

काकांना तो मुळीच आवडला नाही. काका म्हणजे आमच्या गोळीबाराच्या रेंजवरचे सगळ्यात जुने गोळी झाडणारे. आमच्याकडे चाचणीला माणूस तेच, आणि बाकीचे सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. काकांनी प्लॅस्टिकचं मॅगझीन दोन बोटांत धरलं, मेलेली पाल धरावी तसं.

"हे काय, डब्यातलं खेळणं आहे का?"

"काका, चालवून तर बघा," मोल्डिंगवाला म्हणाला.

"चालवतो. मी काय पळून चाललोय?"

मग धातूचं घेतलं आणि त्याला सलाम ठोकला. ही आमच्या रेंजची पद्धत. मॅगझीन रायफलला लावण्याआधी त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर टेकवायचं, अंगठ्याने एक दाब द्यायचा, मग तळहातावर एक चापट. काकांना कुणी शिकवलं ठाऊक नाही, पण आता सगळेच करतात, मीसुद्धा करते. देवळात शिरताना पायरीला हात लावतो तसं. प्लॅस्टिकच्या नशिबी मात्र सलाम नाही. काकांनी ते तसंच रायफलला ठोसलं.

पहिल्या दिवशी दोन्ही चालली. मोल्डिंगवाला हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी बेल वाजली, दार उघडलं तर गब्बू! न कळवता. आईने तर त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. मी म्हटलं, "अरे, फोन करायला काय झालं होतं? घरात भाजीचा पत्ता नाही." तर म्हणाला, "रजा मिळाली, आलो." किती दिवसांची? "बघू." मोठी मिळालेली दिसते. मजा आहे बुवा. मला रविवारची सुट्टी मिळवायची तरी साहेबांचे पाय धरावे लागतात.

बारीक झालाय. जेवायला बसला, पण निम्मं ताटातच ठेवलं. प्रवासाने पोट बिघडलं असेल.

१० नोव्हेंबर, सोमवार

आजचा दिवस आपला! सगळी मॅगझिनं वाळूच्या पेटीत लोळवली, झटकली, झाडली. दोन्हीकडची निभावली. मग पाडायची चाचणी. छातीच्या उंचीवरून सिमेंटवर, तोंडावर, बुडावर, कुशीवर. प्लॅस्टिकची टप्पा खाऊन बाजूला पडली, धातूची खणखणून. मी एकेक उचलून उजेडाकडे धरलं. धातूची सगळी सरळ, एका बुडाला नुसता पोचा आलेला. काकांनी सलाम ठोकून झाडली, एकही अडकलं नाही. प्लॅस्टिकचं मात्र एक अडकलं! दुसरी गोळी तिरकी बसली. काकांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मोल्डिंगवाला म्हणाला, "एकदा अडकलं तर लगेच—"

"एकदाच अडकतं," मी म्हटलं, "दुसऱ्यांदा अडकायला माणूस उरत नाही."

त्याचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रात्री जेवताना मी कालची गंमत सांगत होते. गब्बू ऐकत होता. एरवी माझ्या कामाचं नाव काढलं की जांभया देणारा हा मुलगा, आज एकदम म्हणाला, "ताई, धातूचं पडलं तर काय होतं?"

"काय व्हायचंय? पुसायचं आणि लावायचं."

मग त्याने त्याच्या एका मित्राची गोष्ट सांगितली. गाडीतून उतरताना मित्राचं मॅगझीन दगडावर पडलं. त्याने उचललं, बाहीने पुसलं, उजेडात धरून बघितलं, सरळ होतं. लावलं. थोड्या वेळाने समोरून गोळीबार सुरू झाला. याची पहिली गोळी गेली आणि दुसरी अडकली. शेजारचा याच्याच भरवशावर उठून पुढे धावला होता. त्याच्या पायात दोन गोळ्या बसल्या. आता त्या मित्राची चौकशी लागलीय, हत्याराची निगा राखली नाही म्हणून.

माझं डोकंच सणकलं. "लागायलाच हवी! मॅगझीन पडून बिघडत नसतं. आत माती असणार. पुसलं म्हणे! असली आळशी माणसं दुसऱ्यांचे जीव घेतात आणि वर हत्याराला नावं ठेवतात."

"पुसलं होतं त्याने."

"तुला काय माहीत? तू होतास का तिथे?"

तो ताटातल्या भाताकडे बघत बसला. मग म्हणाला, "नाही. त्याने सांगितलं." आणि हात धुवायला उठला. आई मला म्हणाली, जेवताना असले विषय कशाला काढतेस. मी काढला? त्यानेच काढला की!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

थंड पेटीचा निकाल. रात्रभर गोठवलेली मॅगझिनं काढून लगेच पाडली. एका प्लॅस्टिकच्या तोंडाचा तुकडाच उडाला. मॅगझीनच्या तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा असतात, आम्ही त्यांना ओठ म्हणतो. त्या गोळी धरून ठेवतात. त्यातला एक ओठ अख्खा गेला. धातूची? जशीच्या तशी. काकांनी सगळी झाडून दाखवली.

मी तुकडा उचलून मोल्डिंगवाल्याच्या तळहातावर ठेवला. "घ्या, कंपनीच्या नोंदीसाठी."

त्याने तो निरखून बघितला आणि शांतपणे म्हणाला, "तुटलं ते दिसलं तरी, बाई. असलं मॅगझीन कुणी रायफलला लावणार नाही."

काय पण समाधान! पाय मोडला तर म्हणायचं, मोडला ते कळलं तरी. मी साहेबांना संध्याकाळीच कच्चा अहवाल दिला: धातूचं मॅगझीन पडल्याने बिघडत नाही, निर्विवाद. साहेबांनी तो तसाच वर पाठवला. अजून मोजमापं बाकी आहेत, पण ती काय, औपचारिकता.

तरी झोप लागत नाहीये. सगळं मनासारखं झालं तर जीव शांत व्हायला हवा ना? पायाला नुसत्या मुंग्या येतायत. उठते, पाणी पिते, परत आडवी होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

गब्बूला रिकामं बसवत नाही. सकाळी उठले तर त्याने आईचं शिवणयंत्र सुटं करून वर्तमानपत्रावर मांडलेलं. एकेक भाग तेलाने पुसत होता. काल पंख्याची पाती झाली, परवा दारांच्या बिजागऱ्या. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यासुद्धा अशा चकचकीत केल्यात की आईने बोट कापून घेतलं. पुसलेली वस्तू ठेवतो आणि पुन्हा उचलून पुसतो. मी म्हटलं, "सैन्याने तुझ्यात सुधारणा केली हो! आधी स्वतःचे मोजेसुद्धा उचलत नव्हतास." आई हसली. तो नाही हसला.

मग मी त्याला अहवालाचं सांगितलं. म्हटलं, काळजी करू नकोस, तुझ्या हातात धातूचंच राहणार. पडून बिघडत नाही, हे मी लेखी दिलंय.

"लेखी दिलंस?"

"सही करून. वरही गेला."

त्याच्या हातातली तेलाची बाटली कलंडली. सगळं वर्तमानपत्र तेलकट झालं. मी ओरडले, तर पुसायला लागला, पुसतच राहिला. मला वाटलं होतं, आनंद होईल त्याला. बहीण इतकी झटतेय कुणासाठी? पण आजकालच्या मुलांना कशाचं काही वाटतच नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वैतागाचा दिवस. काकांचा अंगठा काल शस्त्रागाराच्या लोखंडी दारात सापडला. काळानिळा झालाय, वर हे जाड बँडेज. मी म्हटलं, घरी बसा. तर म्हणाले, "अंगठ्याने बंदूक चालत नाही, बोटाने चालते." आणि आले. दिवसभर चिडचिड. सलामही नाही काही नाही, मॅगझीन उचललं की लावलं.

आणि आजच धातूच्या मॅगझिनांना काय धाड भरली! आज सगळी परत एकदा पाडून लांब फेरी झाडायची होती. पहिलं अडकलं. वाटलं, असेल एखादं. दुसरं नीट चाललं, तिसरं अडकलं. मग आणखी एक. काकांनी बोल्ट ओढून तिरकी गोळी बाहेर काढली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच आत कोंबली होती.

काडतुसं खराब आहेत, दुसरं काय! नवी पेटी फोडली होती आज. भांडारवाल्याला फोन करून मी इतकं झापलं की शेजारच्या खोलीतले लोक बाहेर येऊन बघायला लागले. उद्या दुसरी पेटी देतो म्हणाला. मोल्डिंगवाला कॅमेऱ्याशी काहीतरी खुडबूड करत होता. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मला कुणावर तरी अजून ओरडायचं होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुसरी पेटी. तरीही अडकलं. आणि त्याच पेटीतल्या गोळ्या प्लॅस्टिकमधून सुरळीत जातायत. मग रायफल बदलली. तरीही तेच.

चहाच्या वेळी मोल्डिंगवाला माझ्या टेबलाशी आला. "बाई, एक दाखवू? रागावू नका."

रागावू नका म्हटलं की माझा राग तिथेच सुरू होतो. त्याने छोट्या पडद्यावर जुनं चित्रण लावलं. काका सलाम ठोकतायत. पुढचं मॅगझीन, पुन्हा सलाम. प्लॅस्टिकचं आलं, सलाम नाही. धातूचं, सलाम. त्याने एका ठिकाणी थांबवलं. काकांचा अंगठा मॅगझिनाच्या ओठांवर, नख पांढरं पडलंय.

"इतका जोर कशाला लावतात ते?"

"पद्धत आहे आमची."

"हो, पण त्या जोराने काय होतं?"

"काही होत नाही! तुम्हाला आता आमच्या माणसांच्या अंगठ्यात खोट काढायचीय का? तुमचं खेळणं तुटलं त्याचं काय ते बोला!"

मी इतकी ओरडले की काका आतून आले. काय झालं विचारलं, तर मोल्डिंगवाला म्हणाला, काही नाही, मी निघतोच होतो. काकांनी बँडेजवाला हात पाठीमागे धरला होता. दुखत असावा.

घरी आले तर आवाज बसलेला. डॉक्टर म्हणत होते ते हेच बहुतेक.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज रेंज बंद. मी घरी. घरात नुसती येरझारा घालत होते, आणि गब्बू बाल्कनीत येरझारा घालत होता. आई मधे बसून म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून फरशी झिजवा, म्हणजे घरमालक खूश होईल."

त्याची रजा संपत आलीय. सोमवारी निघतो म्हणाला. त्या मित्राची चौकशी पुढच्याच आठवड्यात आहे, आणि यालाही तिथे हजर राहायचंय. साक्षीला बोलावलं असेल. कशाला या भानगडीत पडतोस, मी म्हटलं. तर म्हणाला, "जावं लागतं, ताई. माझ्यावाचून होणार नाही."

मग त्याने विचारलं, "तुझा तो अहवाल आमच्याकडे पण येईल का?"

"येणारच. त्याच्यावरच तर ठरेल सगळं."

"चौकशीवाले वाचतील?"

"वाचायला हवा. म्हणजे तुझ्या मित्राला हत्यारावर ढकलायला जागा उरणार नाही."

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. लहानपणी मी त्याचं काही फोडलं की असाच बघायचा, भांडायचा नाही. मग आत जाऊन पडून राहिला, चहालाही उठला नाही. आई म्हणते, त्याला कुणीतरी आवडत असेल आणि सांगवत नसेल. असेलही बाई.

मला मात्र त्या पांढऱ्या पडलेल्या नखाने पछाडलंय. जेवतानाही तेच डोळ्यांसमोर.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी कुणी यायच्या आत रेंजवर गेले. मंगळवारपासून अडकणारी मॅगझिनं टेबलावर मांडली. डोळ्यांनी बघितलं, सरळ. उजेडाकडे धरलं, सरळ. मग गेज काढलं, मापाची पट्टी. ओठांमधलं अंतर बरोबर असेल तर ही पट्टी त्यात शिरत नाही. ती अलगद आत गेली. दुसऱ्यातही गेली. जी अडकत नव्हती, त्यांच्यात नाही गेली.

ओठ फाकलेत. केसाएवढे, पण फाकलेत. मॅगझीन पडलं की फाकतात आणि चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत. गोळी वर येते ती मान वाकडी करून, आणि अडकते.

मग एक फाकलेलं मॅगझीन घेतलं. टेबलाच्या कडेवर टेकवलं आणि अंगठ्याने दाब दिला, काकांइतका. परत गेज लावलं. पट्टी आत जाईना.

मी खुर्चीत बसले. इतकी वर्षं आम्ही सगळे, झाडायच्या आधीच दुरुस्त करत होतो. नमस्कार करतोय असं समजून. आणि त्यावर मी लिहून दिलं, बिघडत नाही, निर्विवाद! मोजमापं राहिली असताना. शाळेतल्या मुलाने असं केलं असतं तर मी त्याचा कान पिळला असता.

काका आले. मी गेज त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एकेक लावून बघितलं. बँडेजवाला अंगठा वर करून बघत राहिले.

"म्हणजे मी फसवत होतो?"

"आपण, काका. मीही तेच करते."

"रेंजवर माझा हात आहे. तिकडे पोरांपाशी कुणाचा आहे?" एवढं म्हणाले आणि पाठ फिरवली. मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. मग स्वतःच म्हणाले, "काय लिहायचं ते लिही. माझ्या अंगठ्याचं पण लिही. मी सही करतो."

साहेबांना सांगितलं. ते शिव्या देतील वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि विचारलं, मग प्लॅस्टिक घ्यायचं? मी म्हटलं, नाही माहीत. ते थंडीत फुटतं, हेही खरंच आहे. पण ते फुटतं ते दिसतं. हे दिसत नाही. निदान आज एवढं लिहू की पडलेलं धातूचं मॅगझीन गेज लावल्याशिवाय कुणाला परत देऊ नये. पहिला अहवाल मागे घ्यायचं पत्र मी त्यांच्यासमोरच लिहिलं. अक्षर कावळ्याच्या पायांसारखं आलंय.

मोल्डिंगवाल्याची माफी मागायला गेले. तो म्हणाला, "बाई, आमचं थंडीत फुटतं त्याचं आता आम्हाला बघावं लागेल." चांगला माणूस आहे. उगाच त्याचा इस्त्रीचा शर्ट डोळ्यांत खुपत होता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळीच गब्बूला उठवलं. काल घरी यायला उशीर झाला, तो झोपलेला होता. निदान डोळे मिटून पडलेला तरी होता. मी त्याच्या पलंगावर बसून सगळं सांगितलं. ओठ, गेज, काकांचा अंगठा, सगळं. आणि म्हटलं, "तुझ्या त्या मित्राला सांग, त्याची चूक नव्हती. दगडावर पडलं तेव्हाच ते मॅगझीन बिघडलं असणार. त्याने हजार वेळा पुसलं असतं तरी अडकलं असतं. डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतंच ते."

तो उठून बसला. "परत सांग."

मी परत सांगितलं.

"परत."

"अरे, बहिरा झालास का?" पण सांगितलं. त्याने गुडघे छातीशी घेतले होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होता.

"हे कागदावर देशील, ताई? चौकशीत दाखवायला?"

"देते की! मी त्याला आळशी म्हटलं होतं ना, तेवढं तरी फेडते." टेबलावरून कोरा कागद ओढला. "नाव सांग त्याचं. सुरुवात त्यानेच करते."

गब्बू पलंगावरून उतरला. अनवाणी, चुरगळलेल्या बनियनवर, ताठ उभा राहिला. आधी हुद्दा सांगितला. मग नंबर. मग बाबांच्या नावासकट स्वतःचं पूर्ण नाव.

मी म्हटलं, "चेष्टा करू नकोस."

तो तसाच उभा राहिला.

मग एकेक करून सगळं आठवायला लागलं. ते भाताचं ताट. तू होतास का तिथे. हत्यारावर ढकलायला जागा उरणार नाही. त्याच्यासमोर बसून, त्याला वाढता वाढता, मी हे सगळं त्यालाच म्हटलं होतं. आणि त्याने ऐकून घेतलं होतं. मला रडू आवरेना. मी म्हटलं, "एकदा सांगायचंस रे! मला सांगायचंस!"

"तूच म्हणालीस, मॅगझीन बिघडत नसतं. या सगळ्यातलं तुला जास्त कळतं. मला वाटलं, मग मीच नीट पुसलं नसेल. रोज आठवून बघायचो. बाही कुठून कुठे फिरवली ते. आठवेनासंच झालं."

मी त्याला धरलं. हाडंच हाताला लागली. आई दारात आली, आमच्याकडे बघितलं, आणि परत गेली.

तो कागद मी लिहिलेला चालणार नाही. सख्ख्या बहिणीचं कोण मानेल? साहेबांना फोन केला, सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, मोजमापं पुन्हा दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ, सही माझी जाईल, तुम्ही यातून बाजूला व्हा. काका स्वतःचं निवेदन वेगळं देणार आहेत. सोमवारी निघायच्या आत दोन्ही कागद त्याच्या हातात पडतील. चौकशीवाले मानतील की नाही, देव जाणे. गब्बूला तेही सांगितलं, आता खोटा धीर द्यायचा नाही.

मग विचारलं, "आणि पायात गोळ्या लागल्या तो?"

"इस्पितळात आहे. चालेल म्हणतात, काठीने. तो रोज फोन करतो, ताई. मी उचलत नाही. शिव्या द्यायलाच करत असणार."

"तू कर."

"काय बोलू?"

"ते मला नको विचारूस. मी बोलले की काय होतं, ते बघितलंस ना."

त्याने फोन घेतला. मग नंबर लावला. मी स्वयंपाकघरात गेले आणि ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडला. तरी पहिलं वाक्य ऐकू आलंच.

"मी बोलतोय. पाहिजे तेवढ्या शिव्या दे, पण ठेवू नकोस."

मग मी नळ पूर्ण सोडला.